दादाने दोनदा बसवलेलं लिनक्स

शिरोलीच्या एका फाउंड्रीत दादा ड्रॉइंग ऑफिसला होता. त्याचे पाय सुजायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, दिवसभर स्टुलावर बसून सुजत असतील. आई एरंडाची पानं गरम करून बांधायची. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखालीही सूज दिसायला लागली, भाकरी समोर आली की त्याला मळमळायचं, आणि एक दिवस घराच्या पायऱ्या चढता चढता तो मधेच खाली बसला. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याची तिशीसुद्धा आली नव्हती.

वडील, आमचे अण्णा, आम्ही शाळेत असतानाच गेले होते. घरात आई, दादा आणि मी. मी बी.कॉम. होऊन घरी होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं.

दादाचं डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी डाव्या हाताच्या शिरा जोडून घेतल्या होत्या. ती फुगलेली शीर रोज हात लावून तपासायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बोट ठेवलं की आत बारीक घरघर लागायची. दादा सकाळी हात पुढं करायचा आणि विचारायचा, "बघ, लाइट हाय का गेली?" मी म्हणायची, "हाय." आईला ही चेष्टा आवडायची नाही. तिनं त्याच्या जेवणातलं मीठ बंद केलं तसं स्वतःच्या ताटातलंही बंद केलं होतं. आम्ही कितीही सांगितलं तरी तिनं पुन्हा घेतलं नाही.

फाउंड्रीतली नोकरी सुटली. बसून करता येईल असं काम हवं म्हणून दादानं एक असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला आणि घरातच डीटीपी सुरू केलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, तालीम मंडळांच्या गणपतीची पावती पुस्तकं. दादा डिझाइन करायचा, मी मराठी टायपिंग करायची. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "जमंल का तुला?" तेव्हा मी म्हटलं होतं, "करतो की, त्यात काय." आमच्या कोल्हापुरात पोरीही करतो, जातो असंच म्हणतात. पुण्याची मावशी आली की याला हसायची.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी मिळायची. अशाच एका सीडीवर लिनक्स आलं, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. विंडोज आहे तसं ठेवून त्याच मशीनमध्ये लिनक्सही टाकता येतं, आणि चालू करताना आपल्याला हवं ते निवडायचं, असं त्या मासिकात लिहिलं होतं. दादानं तो लेख पाठ होईपर्यंत वाचला.

"कशाला पायजे आता आणि?" आई म्हणाली. "हाय त्यात चाललंय की."

"हे आलं तर घरात बसून मोठ्या कंपनीचं काम करता येतं आई. कुठं जायला नको, यायला नको."

एका रविवारी दुपारी त्यानं ती सीडी घातली. मी शेजारच्या गादीवाल्या चाचांच्या पोरीकडे मेंदीचे नमुने बघायला गेले होते. तिचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका आमच्याचकडे होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. उर्दू मजकूर गावातल्या सुंदर अक्षर काढणाऱ्या एका म्हाताऱ्या कातिबांनी बोरूनं लिहून दिला होता. दादानं तो दुसरीकडून स्कॅन करून आणला आणि रात्रंदिवस झटून अक्षराभोवतीचे डाग काढले होते. चाचांनी प्रूफ बघितलं होतं. आता ते फक्त प्रेसला द्यायचं राहिलं होतं.

मी परत आले तर दादा पडद्यासमोर नुसता बसून होता. पडदा काळा होता आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीतली दोनच अक्षरं, एल आणि आय. त्यापुढं काही नाही. त्यानं मशीन बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा एल, आय. ना लिनक्स येत होतं, ना विंडोज.

"पत्रिका गेली का रे?" मी विचारलं.

"आत असंल. आत जायची वाट गेलीय," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. मला वाटलं भीतीनं लागली असेल. पण संध्याकाळपर्यंत त्याला आडवं पडता येईना, बसूनच श्वास घ्यायला लागला. रिक्षा बोलावली. अंगात पाणी साठलंय, छातीपर्यंत आलंय, असं डॉक्टर म्हणाले आणि त्याला ठेवून घेतलं. रिक्षात बसतानाही तो मला सांगत होता, "कुणाला हात लावू दिऊ नको. कुणी फॉरमॅट मारतो म्हटलं तर घरात घेऊ नको."

पुढचे दिवस आई त्याच्याजवळ राहायची. सकाळी घरी येऊन आंघोळ, स्वयंपाक करायची आणि परत जायची. मी एका कॉम्प्युटरच्या दुकानात विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, आणून ठेवा, सगळं पुसून नवीन टाकतो, तासाभराचं काम आहे. मी "बरं" म्हणून निघून आले.

चाचांना मीच सांगितलं. ते कापूस पिंजत होते. दाढीत, भुवयांत कापूस. म्हणाले, "पत्रिका मरू दे गं पोरी. तोंडानं आवतान दिऊन येतो मी. तो कसा हाय ते सांग." आणि दादाचा डबा घेऊन स्वतःच दवाखान्यात गेले. आईला म्हणाले, "वैनी, तुम्ही आज दुपारपर्यंत घरीच टेका. मी बसतो त्याच्यापाशी."

त्या दिवशी दादाचं डायलिसिस होतं. चार तास पडून राहायचं, सुया टोचलेला हात हलवायचा नाही. चाचांनी नुकताच मोबाइल घेतला होता. पोरीच्या लग्नाचं बोलणं करायला पावण्यांचे फोन यायचे म्हणून. आमच्या घरचा फोन वाजला आणि चाचांचा आवाज आला, एवढा मोठा की फोनची गरजच नव्हती.

"पोरी, ह्यो काय ऐकंना झालाय. म्हणतोय, आत्ता बोलायचंय. धर, त्याच्या कानाला लावतो."

मग दादाचा आवाज. बारीक, पण स्पष्ट. "मशीन चालू कर. मी सांगतो तसं करायचं. तेवढंच करायचं."

अडचण अशी होती की फोन बाहेरच्या सोप्यात आणि कॉम्प्युटर आत माजघरात. फोनची वायर पुरत नव्हती. शेवटी आई फोन घेऊन दारात उभी राहिली. तिकडं दादाला फार बोलवेना म्हणून चाचा, इकडं आई, आणि या दोघांच्या तोंडून आमचं बोलणं.

आधी मशीन फ्लॉपीवरून सुरू होईल असं करायचं होतं. चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळा पडदा येईल, त्यात फ्लॉपी पहिली कर. ते जमलं. मग डब्यातली स्टार्टअपची फ्लॉपी घातली. ती करकरली आणि डिस्क खराब असल्याचं इंग्रजीत आलं. आमच्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरायची.

"म्हणती, फ्लॉपी गेली," आई फोनमध्ये म्हणाली.

तिकडून काहीतरी आलं. "तिजोरीत हाय म्हणतोय दुसरी. पिलास्टिकमधी."

तिजोरीत, म्हणजे आमच्या लोखंडी कपाटात, आईच्या लग्नातल्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशवीत खरंच एक फ्लॉपी होती. ती चालली. काळ्या पडद्यावर पांढरा ए आला आणि त्यापुढं लुकलुकणारी रेघ.

"ए आलाय," मी ओरडले.

"ए आलाय," आई म्हणाली.

"ए आलाय बेटा," चाचा तिकडं म्हणाले असणार, कारण दवाखान्यातलं कुणीतरी हसल्याचं आईला ऐकू आलं.

मग त्यानं एक कमांड सांगितली. एफ, डी, आय, एस, के. आईनं ही अक्षरं एकेक करून मला दिली. "के" आल्यावर ती थांबली, म्हणून मला वाटलं संपलं. मी एंटर मारला. पडद्यावर भलतंच काहीतरी विचारलं. मी वाय दाबलं आणि समोर एक यादी आली. त्यातल्या एका ओळीत डिलीट हा शब्द होता.

"आई, डिलीट दिसतंय. विचार त्याला."

आई फोनमध्ये म्हणाली, "डिलीट आलंय म्हणती." मग ती ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला. "हात काढ म्हणतोय. बटणावरचे हात काढ आधी."

मी हात मांडीवर ठेवले. तेव्हा आईनं फोन कानापासून लांब धरला. चाचांनी मोबाइल दादाच्या तोंडाशी नेला असावा. दारातून मला त्याचाच आवाज आला. "घाबरू नको. कोपऱ्यातलं एस्केप दाब. एकदा. बाहेर येशील. काही पुसलं न्हाई तू."

एस्केप दाबलं. पुन्हा ए आला.

आता त्यानं आईला नीट सांगितलं, आईनं मला. के नंतर मोकळी जागा. मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, दुसरी नाही. मग एम, बी, आर. मी टाइप केलं, एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं तेच फोनमध्ये म्हटलं. चाचांनी तिकडं म्हटलं.

"दाब म्हणतोय एंटर."

मी दाबलं. फ्लॉपीचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. बाकी काही नाही. पुन्हा नुसता ए.

"काहीच झालं न्हाई," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं.

आईनं सांगितलं. ऐकलं. "काहीच झालं न्हाई म्हणजे झालं, असं म्हणतोय. फ्लॉपी काढ म्हणतोय आणि बंद करून लाव."

मी फ्लॉपी काढली. मशीन बंद करून लावलं. काळा पडदा. एल नाही, आय नाही. आणि मग ढगांचं ते विंडोजचं चित्र आलं. मी चाचांच्या पोरीची फाइल उघडली. उर्दूची ती काळीभोर वळणं पडद्यावर आली, एक ठिपका हललेला नव्हता.

मी आईच्या हातून फोन ओढून घेतला. "आलं दादा. सगळं आलं."

"आणि लिनक्स?" त्यानं विचारलं.

"ते येत न्हाई."

"राहू दे. मी आलो की बघू."

मागून चाचा कुणाला तरी सांगत होते, बहुतेक नर्सला, की आमच्या पोरीनं घरात बसून मशीन दुरुस्त केली, दादानं दवाखान्यातनं केली, दोघांनी मिळून केली.

दादा घरी आला तेव्हा पत्रिका छापून वाटल्याही होत्या. लग्नाला तो खुर्चीवर बसून होता, बिर्याणीचा वास घेत. त्याला पाणीसुद्धा मोजून मिळायचं.

थोड्या दिवसांनी, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटायचं तशा एका दिवशी, त्यानं पुन्हा लिनक्सची सीडी काढली. या वेळी मला शेजारी बसवलं. "आधी सगळं काम सीडीवर काढून ठेवायचं. मागच्या बारीला मी तेवढंच केलं न्हवतं," तो म्हणाला. आम्ही दुपारभर फाइली उतरवल्या. मग डिस्कवरची जागा विंडोज आणि लिनक्सला वाटून दिली, आणि लिनक्स चढायला लागलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. ती भरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

दादाला कुणाची तरी किडनी बसवता येईल का, हा विषय डॉक्टरांनी तेव्हा काढलेला होता. आईची तपासणी झाली आणि तिला साखर निघाली, त्यामुळं ती बाद झाली. मी कुणाला न सांगता जाऊन माझं रक्त तपासून आले होते. त्या पट्टीकडे बघतच मी म्हटलं, "दादा, माझा गट तुझाच हाय."

त्यानं माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं तपासायला?"

"कुणी न्हाई."

"तुझं लग्न व्हायचंय."

"न्हाई झालं तर न्हाई झालं."

"उद्या बघायला आलेल्यांनी विचारलं, पोरीचं पोट कशानं कापलंय, तर काय सांगशील?"

"भावाला दिली म्हणून सांगतो की. त्यात काय चोरी हाय?"

"सांगशील. आणि ते उठून जातील." त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. सुजलेल्या पापण्यांमुळं त्याचे डोळे बारीक झाले होते. "अण्णा गेल्यापासनं तुझं सगळं माझ्याकडं हाय. मी तुझं घ्यायचं न्हाई. ह्यावर पुन्हा बोलायचं न्हाई."

मी बोलले. त्या दिवशी बोलले, नंतरही बोलले. डॉक्टरांकडे एकटी जाऊन बोलले. ते म्हणाले, घेणाऱ्याची इच्छा नसेल तर आम्हाला काही करता येत नाही. मग मी आईच्या मागं लागले. तू सांग त्याला, तुझं ऐकेल. आई धुणं पिळत होती. तिनं पिळा हातात तसाच धरला. "मी कुणाला दे म्हणू आणि कुणाला नको म्हणू?" ती म्हणाली. "दोघंबी माझीच हायसा की गं." यानंतर मी तिला विचारलं नाही.

लिनक्स मात्र त्या दुपारी नीट बसलं. मशीन चालू केलं की पडद्यावर दोन नावं यायची आणि बाण खालीवर करून आपल्याला हवं ते निवडायचं. दादा पोरासारखा पुन्हा पुन्हा मशीन बंद करून चालू करत होता. एकदा हे, एकदा ते. आईला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. आई म्हणाली, "बरं झालं बाबा," आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो वर्षभरही राहिला नाही. पौषातली सकाळ होती. त्यानं चहाचा अर्धा कप घेतला, कप खाली ठेवला, आणि भिंतीला टेकून बसल्या जागी गेला. आई चुलीशी होती. मी त्याच्या समोर बसून मटारच्या शेंगा सोलत होते. मला वाटलं त्याचा डोळा लागला. मी आवाज न करता शेंगा सोलत राहिले.

चाचांनी दुकानाचं शटर ओढलं आणि सगळं त्यांनीच धावून केलं.

उत्तरकार्याचं कार्ड काढायचं होतं. नातेवाईक म्हणाले, बाहेर कुठंतरी करून घेऊ, तू नको बसू. मी म्हटलं, आपल्या घरात मशीन असताना बाहेर कशाला? आमच्याकडे त्याचा नमुना तयार होता. दादानंच केलेला, कारण लोक घाईत यायचे आणि रडत असायचे, त्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून. समईचं चित्र, कडेला काळी रेघ, मध्ये फोटोची जागा. मी फाइल उघडली. त्यात आधीच्या कुठल्या तरी आजोबांचं नाव राहिलं होतं. ते पुसलं. तिथं रेघ लुकलुकत राहिली. इतक्या लोकांची नावं मी त्या जागी टाइप केली होती, कधी थांबले नव्हते. दादाच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप करायला मला फार वेळ लागला. फोटो मिळेना. चांगला फोटो फाउंड्रीच्या ओळखपत्रावरचा होता, सूज यायच्या आधीचा. तो लावला. कार्ड हातात घेऊन एक पावणं म्हणाले, "हा कोण? ह्यो असा न्हवता की."

डीटीपी मी चालू ठेवलं. मशीन रोज सुरू होताना दोन नावं दाखवायचं आणि मी रोज विंडोज निवडायची. कधीतरी लिनक्समध्ये जायची. तिथं त्याचं काही सापडेल असं मला वाटायचं. काही नव्हतं. शिकण्यासाठी केलेले रिकामे फोल्डर होते, टेस्ट, टेस्ट दोन, अशा नावांचे. मी ते पुसले नाहीत. पुढं गल्लीतले लोक आपापली बंद पडलेली मशीनं घेऊन यायला लागले. मीही बसवायला, उतरवायला शिकले, आणि एका इन्स्टिट्यूटमध्ये मला शिकवायचं काम मिळालं. आमचं जुनं मशीन एका उन्हाळ्यात जळलं. डिस्क चालू झाली नाही.

माझं लग्न उशिरा झालं, इचलकरंजीत. माणूस चांगला मिळाला. बघायला आले तेव्हा मी त्याला दादाचं सगळं सांगितलं, माझा रक्तगट जुळत होता तेही. तो म्हणाला, "दिली असती तरी मी आलो असतो." मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी आत जाऊन मोरीत उभी राहून रडले. दादाला हे कसं सांगायचं, तेवढंच मनात येत होतं.

दिवस गेले तेव्हा पहिली सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत एकेक सांगत होत्या. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. मग जरा बाजूला सरकवून सहज म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही किडन्याही अगदी छान आहेत हं."

माझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहायला लागलं. त्यांना वाटलं आनंदानं. त्यांनी माझा हात दाबला.

बाहेर येऊन मी आईला फोन केला. बाळाचं सांगितलं. मग किडनीचंही सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"बरं झालं म्हणू, का काय म्हणू गं?" ती म्हणाली.

मी विचारलं, "जेवलीस का?"

"आता बसतो," आई म्हणाली.